पुडी का फाटत होती

भजनी मंडळाचे बुवा आणि दोन तरणी पोरं डग्गा घेऊन आमच्या आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये आली, तेव्हा मागणी साधी होती. "सर, एकादशीच्या आत चकाचक करून द्या." मी फिटर ट्रेड शिकवतो. तबल्यातलं मला ओ की ठो कळत नाही, पण धातूचं काम म्हटल्यावर नाही कशाला म्हणायचं?

क्रोमचं पार वाटोळं झालं होतं. डग्गा दोरीचा होता. दोरीतल्या पितळी कड्या ताण द्यायला खालीवर सरकवतात, आणि जिथं जिथं कडी घासली होती तिथं नखाएवढी चंद्रकोर उडालेली. दोरीखाली ओल धरून हिरव्या रेघा पडलेल्या. उडालेल्या जागी आत लाल दिसत होतं, म्हणजे भांडं तांब्याचं.

निघता निघता बुवा पुडीबद्दल, म्हणजे डग्ग्याच्या तोंडावर ताणलेल्या चांबड्याबद्दल, म्हणाले, "पुडी पण टिकत नाही हो याची. पुडीवाला हल्ली चांबडं हलकं घालतो." मी सहज विचारलं, फाटते कुठे? एका पोरानं काठावर बोट ठेवलं, "दर वेळी इथंच." चांबडं वाईट असेल तर ते कुठंही फाटेल. एकाच जागी फाटतं म्हणजे दोष भांड्यात. तिथं मी खडूनं खूण केली.

दोरी सगळीकडून थोडी थोडी सैल करत पुडी उतरवली आणि काठावरून कापूस फिरवला. बर, म्हणजे धातूच्या कडेला उभं राहिलेलं बारीक धारदार टोक, शोधायची आमची ही जुनी रीत आहे. बोटाला न लागणारी बर कापसाला लागते. खडूच्या खुणेपाशी सगळा पुंजका अडकला. क्रोमचा थर नावापुरताच असतो, त्याच्या खाली निकेलचा जाड, कडक थर असतो. तोच काठावर सुटून वर आला होता, अगदी ब्लेडसारखा. त्याच्यावर ताणलेलं चांबडं बसवायचं आणि वरून थाप मारायची, मग पुडीवाल्यानं काय करावं?

पण थर सुटला कशानं? सरफेस प्लेटला, म्हणजे अगदी सपाट पाटाला, मार्किंग ब्लू हा निळा रंग लावून त्यावर भांडं उपडं फिरवलं. काठभर निळं लागलं, खुणेपाशी चार बोटं कोरं राहिलं. तिथं काठ दबला होता. भांडं कधीतरी पडलेलं, आणि धातू वाकला की त्याच्यावरचं प्लेटिंग तडकतं.

बाहेरून लाकडाचा आधार, आतून लाकडी मॅलेटचे हलके ठोके, मधून मधून ब्लूवर तपासणी. आमच्यातल्या एका पोरानं गॅस टॉर्च काढला, तो मी परत ठेवायला लावला. तांबं तापवलं की मऊ पडतं आणि ठोकून आलेला कडकपणा निघून जातो. पुण्याच्या तांबट आळीत मठारकाम करतात ते नुसतं नक्षीसाठी नाही, त्या ठोक्यांनी पत्रा कडक होतो.

प्लेटिंग काढायला मंडळाच्या पोरांनी ॲसिड सुचवलं होतं. दुकानात मिळतं, स्वस्त असतं. पण त्याचा धूर छातीत जातो आणि क्रोम-निकेल उतरलेलं पाणी गटारात ओतायची माझी तयारी नव्हती. म्हणून हातमोजे, मास्क आणि वॉटर पेपर, म्हणजे पाणी लावून घासायचा कागद; नंबर जितका मोठा तितका तो बारीक. 220 नंबरपासून 400, 800, 1200 असं चढत गेलो, सगळं पाणी लावूनच, कारण निकेलची धूळ उडता कामा नये. काहींना निकेलनं अंगावर खाजही सुटते. हे कंटाळवाणं काम आहे. निकेल सुटलेलं असतं तिथं पटकन जातं, चिकटलेलं असतं तिथं हात मोडतो.

बुडाजवळ 400 चा हात चालू असताना निकेलखालून ठिपके दिसायला लागले. ठिपक्यांची अक्षरं झाली : एका बाईंचं नाव आणि पुढं 'यांजकडून देवास'. भांड्यांवर नाव घालणारे घालतात तसंच. प्लेटिंगच्या आधी बफ मारणाऱ्यानं ते निम्मं घासून टाकलं होतं, उरलेलं निकेलनं बुजलेलं. मंडळाच्या पोरांना आरशासारखी चकाकी हवी होती, आणि तशी करायची तर अक्षरं जाणार. मी बुवांना फोन लावला. ते नाव त्यांनाही माहीत नव्हतं. "कोण का असेना, देवाला दिलंय. नाव ठेवा." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. तेवढा पट्टा 400 वरच थांबवला, तिथं जरा मंद दिसतं.

बाकी भांडं पीतांबरीनं घासलं, भरपूर पाण्यानं धुतलं, कोरडं केलं, स्पिरिटनं पुसलं आणि वर पारदर्शक लॅकर मारलं. काठावर मात्र चिकटपट्टी लावून ठेवली होती, तिथं लॅकर नको, तिथं नुसता गुळगुळीत तांब्याचा गोलवा हवा.

पुडी चढवायला त्याच पुडीवाल्याकडं पाठवलं, सोबत काठावरची ती सुटलेली पापडी कागदात गुंडाळून. त्यानं ती बुवांसमोरच उघडली म्हणे. नव्या पुडीचे पैसे पूर्ण घेतले, आणि बुवांनीही घासाघीस केली नाही.