दरोड्याचे चौदा शॉट

संकलनाच्या वर्गात ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ हा एडिसन कंपनीचा १९०३ सालचा मूकपट मी बरीच वर्षे दाखवत आले आहे. यंदा मात्र तो नुसता न दाखवता विद्यार्थ्यांना टाइमलाइनवर, म्हणजे संकलनाच्या सॉफ्टवेअरमधल्या शॉट मांडण्याच्या पट्टीवर, उघडून दिला आणि प्रत्येक कटावर खूण करायला सांगितली. जेमतेम बारा मिनिटांचा चित्रपट आणि त्यात चौदा शॉट, तेव्हा काम लवकर उरकेल असे वाटले होते. चौथ्या शॉटवरच निम्मी दुपार गेली.

त्या शॉटमध्ये चालत्या इंजिनामागच्या कोळशाच्या ढिगावर दरोडेखोर आणि फायरमन (इंजिनात कोळसा टाकणारा कामगार) यांची झटापट होते. दरोडेखोर कोळशाच्या ढेकळाने त्याला ठेचतो आणि उचलून गाडीबाहेर फेकतो. एका विद्यार्थिनीने तिथे फ्रेम थांबवून मला बोलावले. कट तर दिसतो आहे, पण शॉट बदलत नाही, असे तिचे म्हणणे होते आणि ते अचूक होते. दिग्दर्शक एडविन पोर्टर यांनी कॅमेरा थांबवून माणसाच्या जागी बाहुले ठेवले होते. मग सगळेच अशा लपवलेल्या जागा हुडकू लागले. तारघराच्या खिडकीबाहेर येणारी आगगाडी आणि पार्सलडब्याच्या उघड्या दारातून मागे पळणारा मुलूख, ही दोन्ही दृश्ये वेगळी चित्रित करून त्याच फ्रेमच्या झाकून ठेवलेल्या भागात उतरवलेली आहेत.

अनेक ठिकाणी या चित्रपटाला समांतर संकलनाचा, म्हणजे एकाच वेळी दोन ठिकाणी घडणाऱ्या घटना आलटून-पालटून दाखवण्याचा, आद्य नमुना म्हटले जाते. मला ते पटत नाही. दरोडेखोर लूट घेऊन घोड्यांवर बसेपर्यंत कथा सरळ पुढे जाते, आणि मग एकदाच मागे येऊन तारघरात बांधून पडलेल्या तारमास्तराला त्याची मुलगी कशी सोडवते ते दाखवते. पोर्टर यांचे खरे कसब दोन शॉटांच्या सांध्यात नसून शॉटच्या आत आहे, असे मी म्हटले, त्यावर ‘पण मॅडम, तेव्हा एकदा मागे येणे हेच धाडस नव्हते का?’ अशी हरकत आली. ती मला खोडता आली नाही.

उरला तो टोळीच्या म्होरक्याची भूमिका करणारा जस्टस बार्न्स थेट प्रेक्षकांवर पिस्तूल झाडतो तो शॉट. एडिसनच्या सूचीपत्राने तो आरंभी किंवा अखेरीस जोडण्याची मुभा प्रदर्शकांना दिली होती, म्हणून आम्ही दोन्ही आवृत्त्या करून पाहिल्या. आरंभी तो गुन्हेगाराची ओळख करून देतो; अखेरीस मात्र, सगळी टोळी मारली गेल्यानंतर, मेलेला माणूसच उठून गोळ्या झाडतो, आणि वर्गाला नेमके हेच आवडले. मी आरंभाच्या बाजूने हात वर केला आणि मतदानात हरले.