गाणी आधी, पिक्चर नंतर

मराठी चित्रपटांशी माझी ओळख झाली ती कानांनी. गावात थिएटर एकच, आणि तिथे मराठी पिक्चर लागलाच तर तो तमाशाचा, नाहीतर हाणामारीच्या विनोदाचा. बाकीचे चित्रपट आमच्यापर्यंत पोचायचे ते रेडिओवरून आणि भरून आणलेल्या कॅसेटमधून. वहीच्या कागदावर यादी करून दुकानात द्यायची, आठवड्याने कोऱ्या कॅसेटवर गाणी भरून मिळायची. दुकानदार आतल्या कार्डावर गाण्याचं नाव अर्धंच लिहायचा, पुढे जागाच उरायची नाही. चित्रपटाचं नाव लिहिण्याच्या भानगडीत तर तो पडायचाच नाही. त्यामुळे गाणं तोंडपाठ आणि पिक्चरचा पत्ता नाही, अशी अवस्था वर्षानुवर्षं. मग काय, पिक्चर आपणच डोक्यात काढायचा. त्यातले काही खऱ्या पिक्चरपेक्षा सरस होते, हे माझं अजूनही ठाम मत आहे.

'जैत रे जैत'पुढे मात्र माझ्या डोक्यातल्या पिक्चरचं काही चाललं नाही. ना. धों. महानोरांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकरांच्या चाली. 'मी रात टाकली, मी कात टाकली' हे रेडिओवर नुसतं ठसक्याचं गाणं वाटायचं. जब्बार पटेलांचा १९७७चा हा चित्रपट खूप उशिरा पाहिला आणि नवऱ्याला सोडून आलेली चिंधी, म्हणजे स्मिता पाटील, समोर आली. तेव्हा कुठे त्या 'टाकली'चं वजन कळलं. गोष्ट ठाकर आदिवासींच्या पाड्यातली. डोळ्याला डसलेल्या राणीमाशीचा सूड घ्यायला निघालेला नाग्या, त्याचा ढोल आणि समोर लिंगोबाचा डोंगर. गाणी एवढी की संवादांना जागा कुठे उरली, असं वाटावं. पण एकही गाणं गोष्ट थांबवत नाही, उलट तीच गोष्ट पुढे ओढत नेतात. हल्ली मोबाईलवर यातलं एक, त्यातलं एक असं ऐकायची सवय झाली आहे. 'जैत रे जैत' असं तुकड्यांत ऐकणाऱ्यांचा मला राग येत नाही, पण कीव येते.

'उंबरठा'चं उलट आहे. १९८२चा चित्रपट, दिग्दर्शक-संगीतकारांची जोडी तीच आणि नायिकाही तीच. सुरेश भटांची 'सुन्या सुन्या मैफिलीत माझ्या' लोक विरहाची गझल म्हणून ऐकतात, कोजागिरीच्या कार्यक्रमात आळवतात, मसाला दुधाबरोबर. चित्रपटातली सुलभा तर महिलाश्रमाची अधीक्षक होऊन स्वतःच्या पायांनी घर सोडून गेलेली, मुलगी मागे ठेवून. ते एकदा पाहिलं की गझल पूर्वीसारखी मिटल्या डोळ्यांनी ऐकता येत नाही. चित्रपट चांगला आहे, प्रश्नच नाही. पण माझी जुनी गझल त्याने नेली ती नेलीच.

'कट्यार काळजात घुसली' हे मुळात नाटक, १९६७चं, संगीत पं. जितेंद्र अभिषेकींचं. 'घेई छंद मकरंद' म्हटलं की आपल्याला वसंतराव देशपांडेच आठवतात. नाटकात मात्र हे पद दोन चालींत आहे, एक खाँसाहेबांची, म्हणजे वसंतरावांच्या भूमिकेची, आणि एक त्यांचे प्रतिस्पर्धी गायक पंडितजींची. शब्द तेच, घराणी वेगळी. भांडणच त्याचं आहे. नुसती वसंतरावांची चाल ऐकणं म्हणजे कुस्तीत एकाच पैलवानाकडे बघत बसण्यासारखं. २०१५च्या चित्रपटाने दोन्ही चाली पुन्हा समोरासमोर आणल्या, एवढ्यासाठी त्याचा बाकीचा भरजरी थाट मी माफ केला आहे.

म्हणून मला अल्बम आवडतात. त्यांना पिक्चर नसतो, केव्हातरी येऊन आपली कल्पना मोडेल अशी भीती नाही. श्रीधर फडके यांच्या चाली आणि आशाबाईंचा आवाज असलेला 'ऋतु हिरवा' घ्या. त्यातला श्रावण मी ज्या अंगणात बरसवला आहे, तिथून तो कुणी दिग्दर्शक हलवू शकत नाही. 'शिवकल्याण राजा'चं तर काय सांगावं! शिवराज्याभिषेकाच्या त्रिशताब्दीला, १९७४ साली आलेला हा अल्बम. लताबाईंच्या गाण्यांच्या मधे बाबासाहेब पुरंदऱ्यांचं निवेदन. कितीही खर्च केलेला ऐतिहासिक पिक्चर पाहताना मला तोच आवाज ऐकू येतो आणि पडद्यावरचे घोडे उगाच दमल्यासारखे वाटतात.

आधी पिक्चर पाहा, मग गाणी ऐका, असं मी फक्त 'सैराट'बद्दल म्हणेन. अजय-अतुलची चारच गाणी, वाद्यमेळ हॉलिवूडच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलेला. 'याड लागलं'मधली व्हायोलिनं आली की अजूनही अंगावर काटा येतो. पण चारही गाणी मध्यंतराच्या आत संपतात. पुढे हैदराबाद, झोपडपट्टी, संसार, गाणं नाही. शेवटी तर आवाजच काढून घेतात. नागराज मंजुळे यांनी आपल्याला गाण्यांनी नादी लावून नेमकं कुठे नेऊन सोडलं, हे नुसती गाणी ऐकून कधीच कळणार नाही. 'झिंगाट' वाजतं ते अर्चीच्या भावाच्या वाढदिवसाला, आणि त्याच रात्री अर्ची-परश्या पकडले जातात. जात आडवी येऊन दोघांचं पुढे काय होतं हे अख्ख्या महाराष्ट्राला माहीत आहे. तरी गेली काही वर्षं पत्रिका, गोत्र सगळं जुळवून ठरवलेल्या लग्नांच्या वरातीत हेच गाणं वाजतं, आणि मुलीचे मामा सगळ्यांत पुढे असतात. मला दरवेळी वाटतं की डीजेवाल्याला बाजूला घेऊन पिक्चर पाहिलास का, असं विचारावं. पण तोवर कुणीतरी हात धरून मधे ओढतं, आणि त्या ठेक्यावर उभं राहणं मलाही जमत नाही.