तुम्ही विचारलंत म्हणून: आकडे आमचे, दुसऱ्याला कशाला द्यायचे?

"उन्हातान्हात आम्ही मोजायचं आणि कुणीतरी एसीत बसून त्यावर पेपर लिहायचा?" सोलापुरात संशोधक विद्यार्थ्यांना प्रयोगाचा डेटा नीट लावायला मी मदत करते, त्यामुळे डेटा इतरांसाठी खुला ठेवा म्हटलं की येणारा हा प्रश्न कानाला सवयीचा झालाय.

भीती खोटी नाही. पण झेनोडोसारख्या ऑनलाइन डेटा-भांडारात (सर्न या युरोपातल्या अणुसंशोधन संस्थेनं 2013 मध्ये सुरू केलेलं, फुकट आहे) फाइल ठेवली की तिला डीओआय म्हणजे कायमचा ओळख क्रमांक मिळतो, वापरणाऱ्याला तुमचा उल्लेख करता येतो. पेपर येईपर्यंत फाइल बंदही ठेवता येते. 2016 चे फेअर निकषसुद्धा (डेटा सापडावा, मिळावा, जुळावा, पुन्हा वापरता यावा) सगळं उघडं टाका म्हणत नाहीत. बागायतदाराचं नाव, गट नंबर, मोबाइल तर आधीच काढून टाकायचा.

आणि खरं सांगू? चोरायला आधी फाइल चोराला कळायला हवी ना!

परवा एक पोरगी डाळिंबाच्या प्रयोगाची एक्सेल शीट घेऊन आली. तारखेच्या रकान्यात 3/7. तीन जुलै म्हणजे पावसाळ्यातला मृग बहार, सात मार्च म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडचा अंबे बहार, धरायचं काय? तारखांच्या बाबतीत एक्सेलची खोडच आहे. 'मार्च1', 'सेप्ट1' अशा जनुकांच्या नावांच्या तारखा व्हायच्या, शेवटी 2020 मध्ये जनुकांचीच नावं बदलावी लागली. फळांच्या रकान्यात कुठं शून्य, कुठं रिकामं. फळ धरलंच नाही, झाड मेलं, की त्या दिवशी मोजायला कुणी गेलंच नाही? आणि अकरा ओळी पिवळ्या.

"पिवळं काय आहे?"

"मॅडम, ते दादानं केलंय."

दादा म्हणजे तिचा सीनियर. नोकरी लागली, सांगोल्याला गेला.

तिला हसले नाही. माझ्याच एमएस्सीच्या पेनड्राइव्हमधली 'फायनल_नवीन_2' उघडली तेव्हा त्यातला 'न2' रकाना म्हणजे काय ते मला आठवेना. दोन हंगामांचं काम तसंच पडून आहे.

बियाण्याच्या पिशवीला टॅग असतो: वाण, लॉट, उगवणीचे टक्के. मालदांडी ज्वारी म्हणून कुणी बिनटॅगची पिशवी दिली तर पेराल का? डेटालाही तेवढंच लागतं. सोबत एक साधी टेक्स्ट फाइल: रकान्याचा अर्थ, एकक, कशानं मोजलं, रिकामं म्हणजे काय. तारीख 2024-07-03 अशी, म्हणजे वाद नको. रंगात माहिती ठेवायची नाही, कारण सीएसव्ही (नुसत्या मजकुराची साधी तक्ता-फाइल) केली की रंग उडतो.

दादाला फोन लावला. पिवळी झाडं म्हणजे ठिबकचा ड्रिपर चोक होऊन पाणी कमी पडलेली. अकरापैकी नऊ एकाच ट्रीटमेंटमधली (प्रयोगात तपासायच्या एकाच पद्धतीची), आणि फळांचं वजन कमी भरलं म्हणून तीच ट्रीटमेंट हिनं नापास केली होती.

पोरगी जरा वेळ गप्प बसली. मग शीटमध्ये नवा रकाना घातला: ड्रिपर_चोक, हो / नाही.