किती महिन्यांचं कुत्रं आणू?

महिन्यातून दोन-तीन जण तरी आमचं शेळ्यांचं शेड बघायला येतात. बहुतेक पुण्यातली नाहीतर गोव्यातली नोकरी सोडून गावाकडं परतलेली पोरं. उस्मानाबादी किती, गावठी किती, चाऱ्याचं काय करता, सगळं विचारून होतं. मग चहा येतो आणि कपात बघत कुणीतरी म्हणतं, "वैनी, राखणीला कुत्रं आणायचं म्हणालोय. किती महिन्यांचं आणू, सांगा की."

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आकडाच हवा असेल तर आठ ते दहा आठवड्यांचं आणा, नाहीतर दोन वर्षांच्या पुढचं. मधलं नको. पण एवढंच ऐकून कुणी गाडीला किक मारली की माझा जीव खालीवर होतो. कारण एकदा आकडा चुकवून मी फसले, आणि एकदा आकडा अगदी बरोबर असूनही फसले.

आमचं रान खानापूर तालुक्याच्या पूर्वेला, मलप्रभेच्या काठी. मालक बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला, सकाळी बस धरतात ते अंधार पडल्यावर परत. २०१४ साली बारा शेळ्या घेतल्या तेव्हा राखणीचा विचारसुद्धा डोक्यात नव्हता. गावच्या मोकाट कुत्र्यांनी दोन करडं फाडली तेव्हा आला.

पहिलं कुत्रं शहरातून आणलं. दहा महिन्यांचं, उंचपुरं, लशी टोचलेलं. त्याचे आधीचे मालक फ्लॅटमध्ये राहायला चालले होते, फुकट मिळालं. पिल्लाचं हगणंमुतणं काढायला नको, लगेच कामाला लागेल, असा माझा हिशोब. चार दिवस ते शेडच्या दारात शहाण्यासारखं बसलं. पाचव्या दिवशी एक करडू उड्या मारत पळालं आणि हे त्याच्या मागं. मी हातातली कळशी टाकून धावले, तोवर करडाची मान लुळी पडली होती. कुत्रं बाजूला उभं राहून शेपूट हलवत होतं. खाल्लं नव्हतं, नुसतं खेळलं होतं. आता उठ आणि पुन्हा पळ, म्हणून पंजानं त्याला ढोसत होतं.

सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंतचं कुत्रं म्हणजे मिसरूड फुटलेलं पोरगं. अंगात ताकद मोठ्याची आणि अक्कल पिल्लाची. हे फक्त शहरातल्या कुत्र्याचं नव्हे. सात पिढ्या मेंढरांत वाढलेल्या कुत्र्याची अवलादसुद्धा या वयात कोकरांचे कान ओढते, शेपट्या धरते, पळणाऱ्याच्या मागं लागते. फरक एवढाच की धनगराला ते ठाऊक असतं. तो गळ्यात लोढणं बांधतो, पळायला गेलं की ते पुढच्या पायांवर आपटतं. आणि कोकरांत न सोडता शिंगवाल्या एडक्यांत सोडतो. दोन-चार धडका बसल्या की निम्मी शाळा तिथंच होते. हे करायला दिवसभर नजर ठेवणारं माणूस लागतं. मी चुलीपाशी एक, शेडात एक आणि डेअरीला एक अशी तीन ठिकाणी नव्हते.

दुसऱ्या खेपेला शहाणपण करून दोन महिन्यांचं पिल्लू आणलं. थंडीचे दिवस. पोरांनी पहिल्याच रात्री ते चुलीशेजारी पोत्यावर निजवलं. मीही म्हटलं, लहान आहे, थोडं मोठं झालं की शेडात नेऊ. ते मोठं झालं, पण शेडात गेलं नाही. नेऊन बांधलं की रात्रभर केकाटायचं, आणि सोडलं की सरळ उंबऱ्यावर. शेड घरापासून शंभर पावलं. त्या पावसाळ्यात एका रात्री बिबट्यानं दावणीची शेळी नेली, तेव्हा कुत्रं भुंकत होतं. भुंकत होतं, पण आमच्या दाराकडं तोंड करून. आत घ्या म्हणत होतं. त्याला मी आजही दोष देत नाही. त्याचा कळप घरात झोपला होता आणि तो त्यानं राखला.

कुत्र्याच्या पिल्लाला साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत एक खिडकी उघडी असते. या दिवसांत जे वास नाकात बसतात, ज्यांच्या उबेला झोप लागते, ते आपले. खिडकी मिटली की नवीन नाती जुळतात, पण कष्टानं आणि कच्ची. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या हॅम्पशायर कॉलेजनं १९७०च्या दशकाच्या अखेरीस युरोप आणि तुर्कस्तानातली राखणीची कुत्री नेली आणि त्यांची हजाराहून जास्त पिल्लं तिथल्या शेतकऱ्यांना देऊन वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या. त्यांचाही भर यावरच होता, की पिल्लू लहानपणीच मेंढरांत वाढलं पाहिजे. आमच्याकडच्या धनगराला यासाठी कॉलेजची गरज पडली नाही, कारण त्याची कुत्री वाघरीशेजारीच, म्हणजे रात्री मेंढरं कोंडायच्या जाळीच्या कुंपणाशेजारीच वितात. डोळे उघडले की पहिलं काय दिसतं? मेंढरांचे पाय.

मला हे कळलं ते एका अज्जाकडून, म्हाताऱ्या मेंढपाळाकडून.

सुगी झाली की पूर्वेकडचे कुरुबर, म्हणजे कानडी धनगर, मेंढरं घेऊन आमच्या भाताच्या मोकळ्या रानात येतात. रात्रीला इतकं धान्य, इतके पैसे ठरवून शेतात बकरी बसवायची (आमच्याकडं मेंढरांनाच बकरी म्हणतात), शेताला खत मिळतं. त्या वर्षी आमच्या वाफ्यात जो कळप बसला, त्यात एक काळी कुत्री होती, करेव्वा. वाघरीच्या आत मधोमध आडवी पडलेली, आणि एक कोकरू तिच्या पाठीवर चारी पाय रोवून उभं. ती डोळेसुद्धा उघडत नव्हती. मी भाकरी द्यायच्या निमित्तानं तीन दिवस गेले आणि चौथ्या दिवशी विचारलंच, ही देता का? आणि वय काय हिचं?

"वयस्स याक बेक री?" अज्जा म्हणाला. वय कशाला पाहिजे? मग माझं तोंड बघून बोटं मोजली. चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेला ती पाच वेळा कळपाबरोबर आली होती. म्हणजे पाच वर्षं. मला ती म्हातारी वाटली. मोठ्या अंगाचं कुत्रं दहा-बारा वर्षं जगतं, त्यातली निम्मी संपलेली. पण अज्जाचा मुलगा मेंढरं सोडून जेसीबीवर गेला होता, कळप निम्म्यावर आला होता आणि कुत्री मात्र तेवढीच होती. चांगलं मोठं कुत्रं असंच मिळतं, कुणाच्या तरी घरातलं काहीतरी मोडताना. एरवी चालतं कुत्रं कोण देतो? आणि कुणी हसत हसत द्यायला निघालाच, तर त्यानं करडू फाडलंय का, ते शेजाऱ्याला विचारून घ्यावं.

अज्जाची एक अट होती. कुत्री एकटी मिळणार नाही, तिच्याबरोबर दोन मेंढ्या घ्यायच्या. मला वाटलं, म्हातारा चलाख आहे, कुत्रीच्या नावावर मेंढ्या खपवतोय. मी घासाघीस करून एकावर आणलं. त्यानं एक लंगडी मेंढी दिली आणि वर जुन्या घोंगड्याचा एक तुकडा.

पहिले दोन दिवस करेव्वानं तोंडात पाणी घेतलं नाही. तिसऱ्या रात्री दोरी चावून गेली. मी कंदील घेऊन शोधत निघाले, तर ती कळप बसला होता त्या वाफ्यात, रिकाम्या जागी, मधोमध आडवी. कळप तोवर दोन गावं पुढं गेला होता. मालकांनी मोटरसायकलवरून अज्जाला गाठलं आणि दुसरी मेंढी आणली, मूळ भावापेक्षा शंभर जास्त देऊन. अज्जा हसला म्हणे.

त्या दोन मेंढ्या शेळ्यांत कोंडल्या आणि करेव्वा त्यांच्याशेजारी बसली. शेळ्यांकडं तिचं लक्ष नव्हतं. शेळी तिच्या हिशोबात बकरीच नव्हती मुळी. मेंढ्या शेळ्यांबरोबर चरायला लागल्या, गव्हाणीला एकत्र तोंड घालायला लागल्या, तशी दीडेक महिन्यात तिची मोजदाद बदलली. एका सकाळी शेडात गेले तर एक शेळी व्यायलेली, करडू ओलं, आणि करेव्वा तीन हातांवर त्यांच्याकडं पाठ करून, दाराकडं तोंड करून बसलेली. त्या दिवसापासून मी वय विचारायचं सोडलं. जनावर आजवर कुणाशेजारी झोपलं, एवढं विचारते.

पुढचं सोपं आहे, भरभर सांगते. राखणीचं मोठं कुत्रं आधीपासून असेल, किंवा घरातलं कुणी शेडात झोपणार असेल, तर पिल्लू आणा. नसेल तर मोठंच शोधा, कारण पिल्लू दीड-दोन वर्षं राखत नाही, त्यालाच राखावं लागतं. बिबट्याला पिल्लू म्हणजे खाऊ. आठ आठवड्यांच्या आतलं घेऊ नका. कुत्र्यांच्या पैदाशी-विक्रीच्या २०१७च्या नियमांनुसार ते विकताही येत नाही, आणि आईनं चावून, गुरगुरून जे शिकवायचं ते राहून जातं. शेडात त्याला एक आडोसा करा, पिल्लू आत जाईल पण शेळी जाणार नाही असा, आणि खाणं तिथंच द्या. पोरांनी लाड करायचे ते शेडात जाऊन. पार्वोची (पिल्लांना मारणाऱ्या हगवणीच्या रोगाची) लस सहा-आठ आठवड्यांना सुरू करून सोळा आठवड्यांपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं, रेबीजची तीन महिन्यांना आणि पुढं दरवर्षी. मेलेलं करडू कुत्र्यापुढं टाकू नका, पुरा. कच्च्या आतड्या-काळजातून पट्टकृमी कुत्र्यात जातात आणि त्याच्या विष्ठेतून फिरून शेळ्यांत, क्वचित माणसांतही. आणि पहिलं कुत्रं पाच-सहा वर्षांचं झालं की दुसरं पिल्लू त्याच्या हाताखाली द्या. म्हातारं होईपर्यंत थांबलात तर शिकवायला कोणी उरत नाही. आमच्याकडं करेव्वाच्या हाताखाली दोन तयार झाली. पिल्लानं करडाचा कान धरला की ती उठायचीसुद्धा नाही, नुसता ओठ उचलायची.

वयाबद्दल लोक सर्रास खोटं बोलतात, म्हणून तोंड उघडून बघा. शेळी आपण दोनदाती, चारदाती अशी ओळखतो, पण कुत्र्याचा हिशोब फार लवकर आटपतो. सुईसारखे बारीक दुधाचे दात सगळे जागेवर असतील तर साधारण चार महिन्यांच्या आतलं. सातव्या महिन्यापर्यंत बेचाळीसच्या बेचाळीस पक्के दात आलेले असतात. त्यापुढं झीज बघायची. खालच्या पुढच्या दातांच्या कडेला नवेपणी तीन टोकं असतात. ती झिजून सपाट झाली असतील आणि विकणारा "वर्षाचंच आहे ओ" म्हणत असेल, तर ऐकून घ्यावं आणि मनात दोन धरावं.

मुधोळचं कुत्रं आणू का, हाही प्रश्न ठरलेला. जवळचं, आपल्या भागाचं, २००५ साली पोस्टाच्या तिकिटावरसुद्धा आलेलं. देखणं आहे यात शंका नाही. पण ते पळत्या सशामागं सोडायचं कुत्रं. डोळ्यांनी हेरायचं आणि वाऱ्यासारखं धरायचं, हे त्याच्या रक्तात. उड्या मारणाऱ्या करडांत त्याला निवांत बसवणं म्हणजे त्याच्यावरही अन्याय.

ऑगस्ट २०२२मध्ये बेळगावच्या गोल्फ मैदानात बिबट्या शिरला, शाळा बंद ठेवल्या, शिवमोग्याजवळच्या सक्रेबैलच्या हत्ती छावणीतून हत्ती आणले, तेव्हा मला रोज फोन. बिबट्याला मारणारं कुत्रं आहे का? नाही बाबा. एकटं कुत्रं बिबट्याला मारत नाही, बिबट्या त्याला खातो. हिमाचलातले गद्दी मेंढपाळ आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात लोखंडी खिळ्यांचा पट्टा उगीच घालत नाहीत. कुत्र्याचं काम आधी आवाज देण्याचं. चोरून येणाऱ्याला आपण दिसलो हे कळलं की बहुतेक वेळा तो वाट बदलतो. म्हणून दोन कुत्री ठेवा आणि रात्री शेडचं दार नीट लावा. पूर्वेकडच्या माळावर लांडग्यापुढं तर दोनाला पर्याय नाही. एक कुत्रं एका लांडग्यामागं लागतं आणि दुसरा लांडगा कोकरू नेतो.

करेव्वा गेली त्याला दोन वर्षं झाली. तिच्याच हाताखाली शिकलेली कुत्री आता व्यायलीय. शेडाच्या कोपऱ्यात पाच पिल्लं आहेत, आज सहा आठवड्यांची. मागच्या रविवारी हलशीकडचा एक पोरगा आला होता, त्याला लगेच एक हवं होतं, पिशवी घेऊनच आला होता. मी म्हटलं, अजून पंधरा दिवस थांब. आणि येताना पिशवी नको, तुझ्या शेळ्या बसतात तिथलं एक जुनं गोणपाट आण, न धुतलेलं. काल देऊन गेला. पिल्लं त्याच्यावरच झोपलीयत.