सिरियमच्या सहा पातळ्या: घरच्या प्रोग्रॅमची तिसरी नोंद

मागच्या नोंदीत ठरवल्याप्रमाणे या पंधरवड्यात घन सममितीतील सिरियम आयनाचे स्फटिक क्षेत्र, म्हणजे भोवतालच्या अणूंचा त्याच्या इलेक्ट्रॉनांवर पडणारा विद्युत प्रभाव, घरी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये शून्यापासून मांडले. नमुना म्हणून सिरियम आणि इंडियम यांचे 1:3 प्रमाणातील आंतरधातू संयुग घेतले, कारण त्याची रचना घन आहे आणि सिरियमकडे 4एफ कक्षेत एकच इलेक्ट्रॉन असल्यामुळे जे (एकूण कोनीय संवेगाचा पुंज अंक) 5/2 एवढा येतो. त्याच्या सहाच अवस्था होतात, म्हणजे सगळा खेळ सहा बाय सहाच्या मॅट्रिक्समध्ये आटोपतो.

स्टीव्हन्सने 1952 साली मांडलेल्या पद्धतीने चौथ्या घाताचे ऑपरेटर लिहिले, बी-4 हा क्षेत्राची तीव्रता सांगणारा एकच गुणांक 1 धरला आणि आयगेनमूल्ये, म्हणजे पातळ्यांच्या ऊर्जा, काढली. उत्तर आले 233.9, 120 आणि −353.9, प्रत्येकी दोनदा. बेरीज शून्य होती, इलेक्ट्रॉनांची संख्या विषम असल्यामुळे अपेक्षित असलेल्या क्रेमर्स जोड्याही (समान ऊर्जेच्या दोन-दोन अवस्था) होत्या, त्यामुळे दोन दिवस मी निर्धास्त होतो. पण घन सममितीत जे 5/2 ची फोड एक द्विक (समान ऊर्जेच्या दोन अवस्था) आणि एक चतुष्क (तशाच चार) अशीच व्हायला हवी, तीन द्विके निघणे शक्यच नाही. चूक अगदी क्षुल्लक निघाली: ओ-44 या ऑपरेटरमध्ये चढत्या आणि उतरत्या ऑपरेटरांच्या चतुर्थ घातांची बेरीज अर्ध्याने गुणायची असते, तो अर्धा मी गाळला होता. त्यामुळे 5/2 आणि −3/2 या अवस्थांना जोडणारा घटक 134.2 ऐवजी 268.3 पडत होता. दुरुस्तीनंतर 120 चारदा आणि −240 दोनदा आले, म्हणजे एकूण अंतर 360 बी-4. बेरजेची चाचणी अशी चूक पकडत नाही, कारण कर्णाबाहेरचे घटक बेरजेत येतच नाहीत. यापुढे पातळ्या मोजल्याशिवाय पुढे जायचे नाही, असे ठरवले आहे.

बी-4 धन असेल तर गॅमा-7 नावाचे द्विक तळाशी बसते (चतुष्काचे नाव गॅमा-8), आणि या संयुगात तसेच आहे. त्या द्विकाचे चुंबकीय आघूर्ण प्रोग्रॅमने 0.714 बोर मॅग्नेटॉन दिले. मुक्त आयनाचे संपृक्त आघूर्ण 2.14 आहे, म्हणजे स्फटिक क्षेत्राने दोन तृतीयांश गिळले. सुमारे 10 केल्विनखाली हे संयुग प्रतिलोहचुंबकीय होते आणि तेथे मोजलेले आघूर्ण 0.71 पेक्षाही कमी असते. उरलेली घट काँडो प्रच्छादनाकडे, म्हणजे वाहक इलेक्ट्रॉन आयनाचे चुंबकत्व अंशतः झाकतात त्याकडे, बोट दाखवते, जे माझ्या एकआयनी प्रतिमानात मुळातच नाही.

विशिष्ट उष्म्याचा आलेख मात्र मनासारखा आला. पातळ्यांमधील अंतर 140 केल्विन धरल्यावर शॉट्की शिखर (वरच्या पातळ्या भरू लागल्यामुळे विशिष्ट उष्म्यात येणारा उंचवटा) सुमारे 53 केल्विनला, प्रतिमोल प्रतिकेल्विन 6.3 ज्यूल उंचीचे दिसले. गंमत म्हणून बी-4 चे चिन्ह उलटे केले, तर गॅमा-8 चतुष्क तळाशी जाऊन शिखर जेमतेम 2.0 ज्यूलवर आले आणि सुमारे 63 केल्विनला सरकले. अंतर तेच असूनही उंचीत हा तिपटीचा फरक पडतो, तेव्हा तळाशी कोण आहे हे ओळखायला शिखराच्या जागेपेक्षा त्याच्या उंचीवर मी अधिक विसंबेन. प्रत्यक्ष मोजमापात अर्थात जाळीच्या कंपनांचा वाटा आधी वजा करावा लागतो, आणि या तापमानाला तो मोठा असल्यामुळे कामाचा खरा कस तिथेच लागतो.

शेवटची तपासणी एन्ट्रॉपीची: शिखराखालील सी भागिले टी (विशिष्ट उष्मा भागिले तापमान) याचे संकलन प्रतिमोल प्रतिकेल्विन 9.13 ज्यूल आले, आणि सहा पातळ्यांच्या एन्ट्रॉपीतून तळाच्या दोन पातळ्यांची एन्ट्रॉपी वजा केल्यावर आर (वायू स्थिरांक) गुणिले 3 चा नैसर्गिक लॉगरिदम एवढेच ते यायला हवे होते. पुढच्या खेपेला जे 4 चा प्रासिओडिमियम घेईन; तिथे तळाशी एकच अचुंबकीय पातळी येऊ शकते.