तुम्ही विचारलंत म्हणून: ती बहीण मीच का?

कलिन्याला विद्यापीठात, आमच्या विभागात मी शाळांमधल्या विषमतेवरच्या माझ्या कादंबरीचं तिसरं प्रकरण वाचून दाखवलं, त्याला सहा महिने झाले. तेव्हापासून जो भेटतो तो विचारतो, "त्यातली बहीण तूच ना?" वर्गातल्या मैत्रिणी विचारतात, सर विचारतात, आमच्या पार्कसाइटच्या गल्लीतल्या काकूही विचारतात. त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न ठरलेला: "तू तर एम.ए. करतेयस, तुला कुठे काय कमी पडलं?" आजवर मी हसून वेळ मारून नेली. आता एकदाच नीट सांगते.

ती बहीण मी नाही. कादंबरीतली बहीण जाणूनबुजून खोटं बोलते. मी तसं बोलले होते का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही, आणि कादंबरी तिथेच अडली आहे.

२०१३ साली माझ्या धाकट्या भावाचा आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, सोडतीत नंबर लागला. खासगी शाळांनी प्रवेशाच्या वर्गातल्या २५ टक्के जागा गरीब आणि वंचित घरांतल्या मुलांना फुकट द्यायच्या, त्यासाठीची ही सोडत. उत्पन्न एक लाखाच्या आत असल्याचा दाखला मिळवायला पप्पांचे तीन खाडे झाले. मी तेव्हा पाचवीत, पालिकेच्या मराठी शाळेत. डोंगराच्या अलीकडे माझी शाळा, पलीकडे त्याची.

माझ्या शाळेबद्दल मी वाईट बोलणार नाही. बाई जीव तोडून शिकवायच्या, दप्तर-वह्या-रेनकोट पालिकेकडून मिळायचं. सातवीनंतर अनुदानित हायस्कूलला गेले. २०१९ ला माझी दहावी. त्या वर्षी भाषा विषयांचे तोंडी परीक्षेचे गुण काढून टाकले होते आणि राज्याचा निकाल ७७ टक्क्यांवर उतरला होता, तरी मी चांगल्या मार्कांनी पास झाले. तेव्हा मला काय कमी पडलं या प्रश्नाचं उत्तर: फार काही नाही. मी माझी तक्रार लिहितच नाहीये. आमच्या घरात ज्याचा नंबर लागला, त्याचं काय झालं ते मी लिहितेय.

तो पहिलीत होता. दिवाळीआधीचा शनिवार. शाळेत ओपन हाउस होतं आणि पप्पांना सुट्टी मिळाली नव्हती. मम्मी पोळ्यांची दोन घरं उरकून आली, लग्नातली मोरपिशी साडी नेसली, आणि मला म्हणाली, "तू चल, तुला इंग्रजी येतं." वर्गात माझा पहिला नंबर असायचा, म्हणून मला इंग्रजी येतं असं घरात धरूनच चाललेले असायचे. मलाही तसंच वाटायचं.

त्याच्या वर्गात लहान मुलांच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या. मम्मी त्यातल्या एकीवर अंग चोरून बसली, गुडघे पार पोटाशी आले. मी तिच्या मागे उभी. भाऊ तिच्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होता आणि सोडत होता. टीचर तरुण होत्या, हसऱ्या होत्या. त्या इंग्रजीत बोलायला लागल्या आणि मम्मी मान डोलवत राहिली. मी कान देऊन ऐकत होते, पण शब्द एकमेकांना चिकटून येत होते. सुटे असे दोन-तीनच हाती लागले: बोर्ड, आइज, प्लीज. मग टीचरनी रिपोर्ट कार्ड पुढे सरकवलं, मम्मीने मराठीत सही केली, आणि दारात थांबलेल्या पुढच्या पालकांना त्यांनी आत बोलावलं. दहा मिनिटंही झाली नसतील.

जिन्यात मम्मीने विचारलं, "काय म्हणाल्या गं?"

मी म्हणाले, "हा बोर्डात येईल म्हणाल्या."

बोर्डात येणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. बोर्डाची गुणवत्ता यादी माझ्या आठवणीच्या आधीच बंद झाली, पण आमच्या गल्लीत तो शब्द अजून चालतो. मम्मी जिन्यातच थांबली. काही बोलली नाही. कठड्याला हात लावून थोडा वेळ नुसती उभी राहिली. येताना तिने पाव किलो पेढे घेतले आणि शेजारीपाजारी एकेक वाटला.

भाऊ तिसरीत गेल्यावर एकदा स्टॉपवर मामाने त्याला येणाऱ्या बसचा नंबर विचारला. त्याला तो सांगता येईना. मामा त्याला तसाच स्टेशनजवळच्या चष्मेवाल्याकडे घेऊन गेला. दोन्ही डोळ्यांना साडेतीनचा नंबर निघाला. घरी येऊन त्याने नवा चष्मा लावला आणि समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवरच्या तिथ्या मोठ्याने वाचत सुटला. मम्मी हसत होती. मी मोरीत जाऊन नळ सोडला.

टीचर काय म्हणाल्या होत्या ते मला त्या दिवशी कळलं. त्याला बोर्डावरचं दिसत नाही, डोळे तपासून घ्या, प्लीज. दोन वर्षं तो मागच्या बाकावर बसून शेजाऱ्याच्या वहीतलं उतरवत होता आणि 'स्लो' म्हणवून घेत होता.

तुमच्यातले काहीजण म्हणाले, हा तर साधा गैरसमज, यात विषमता कुठे आली? रागाने नाही, मनापासून सांगते. त्याच्या शेजारच्या मुलाची आई "सॉरी, परत सांगता?" असं सहज म्हणाली असती. संध्याकाळी फोन केला असता. माझी मम्मी त्या खुर्चीवर बसून परत विचारू शकत नव्हती, कारण परत विचारलं तर आपला मुलगा इथला नाही हे उघडं पडेल अशी तिला भीती होती. दाखला होता, प्रवेश होता, फी माफ होती. आमच्या शाळेत मात्र 'फळा' होता, 'बोर्ड' नव्हता.

हे मला पटतं. आणि मग रात्री आठवतं की 'आइज' हा शब्द मला पहिलीपासून येत होता. आमच्या बाईंनी डोळ्यांवर बोट ठेवून तो पाठ करून घेतला होता. म्हणजे टीचर डोळ्यांबद्दल काहीतरी म्हणाल्या हे मला कळलं होतं. तरी मी तो शब्द गाळला. का गाळला? इंग्रजी येतं म्हणून मला नेलं होतं, आणि मला येत नाही हे कबूल करायचं नव्हतं. की मम्मीला एवढ्या साडीनिशी वाईट बातमी द्यायची नव्हती?

पहिला खर्डा मी २०२२ मध्ये लिहिला, बी.ए.ला असताना. त्यात टीचर दुष्ट होती, मम्मी देवी होती आणि बहीण निरागस. आता तो वाचवत नाही. ज्या बाईने सहा वर्षांच्या मुलाचे डोळे अधू आहेत हे आपणहून ओळखलं, तिला मी खलनायिका केलं होतं. पण तेव्हाच्या मला पूर्ण खोटं ठरवायलाही मन होत नाही. त्या टीचरनी डायरीत एक ओळ हिंदीत लिहिली असती तर? नंतरच्या दोन वर्षांत कुणी एकदा तरी विचारलं असतं तर?

सर म्हणतात, लेख लिही, कायद्यावर लिही. कायद्याबद्दल मला एवढंच ठळक दिसतं: १८८२ साली जोतीराव फुल्यांनी इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे निदान वयाच्या १२ व्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा असं मागितलं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ते १४ पर्यंत नेलं. १२७ वर्षांत दोन वर्षं. आठवी झाली की २५ टक्क्यांतल्या मुलाचा हक्क संपतो. २०२१ मध्ये, लॉकडाउनमध्ये एका मोबाइलवर आठवी उरकलेल्या माझ्या भावाच्या नववीच्या फीचा मेसेज आला, आणि तो माझ्याच जुन्या हायस्कूलला दाखल झाला. पुढे आयटीआयला इलेक्ट्रिशियन. इंग्रजी माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं बोलतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या २५ टक्क्यांतून सूट. मी चिडून बोलत होते. भाऊ सोल्डरिंग करता करता म्हणाला, "बरं झालं. कुणाला जावं लागणार नाही." जुलैमध्ये उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला, तेव्हा मला आनंद झाला, आणि त्याला तो सांगायची हिंमत झाली नाही. त्याचं वाक्य मला मान्य नाही. पण त्या बाकावर तो बसला होता, मी नाही.

गेल्या महिन्यात मी त्याला त्या शनिवारचं सगळं सांगितलं. बारा वर्षांनी. मला वाटलं चिडेल. तो म्हणाला, "मी तिथेच होतो की. टीचर काय म्हणाल्या ते मला कळलं नव्हतं. तू जिन्यात म्हणालीस ते कळलं." मग चष्मा काढून शर्टाला पुसत म्हणाला, "मी बोर्डात येणार म्हटल्यावर मम्मी केवढी खूश झाली होती. मग मला दिसत नाही हे मी कसं सांगणार?"

कादंबरीत हे घेऊ का, असं मी त्याला विचारलेलं नाही. इथे लिहिलंय ते आधी त्याला वाचायला दिलं. त्याने एकच दुरुस्ती केली. पेढे नव्हते, म्हणाला, बर्फी होती. मला मात्र पेढेच आठवतात, म्हणून तसंच ठेवलंय.