दुकानपळव्या

आठवीत मला एक नाव पडलं, ते दहावीचा निकाल लागेपर्यंत टिकलं. अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार ओळी लिहून द्या, असा शाळेतून फोन आला आणि पहिल्यांदा आठवलं ते हेच नाव. माझ्या वर्गातले जे कोणी हे वाचत असतील ते आत्ताच हसले असतील.

साल १९७७. तेव्हा इंग्रजी पाचवीपासून असायचं. म्हणजे आठवीत आमची त्या भाषेशी ओळख तीन वर्षांची, आणि तीही लांबूनच. इंग्रजीच्या सरांनी फळ्यावर वाक्य लिहिलं, ‘हिज फादर रन्स अ शॉप’, आणि मला उभं केलं. बाजारपेठेत आमचं किराणा मालाचं दुकान होतं, म्हणून असेल. मला रन म्हणजे पळणं एवढंच ठाऊक. मी खणखणीत आवाजात सांगितलं, “त्याचे वडील दुकान पळवतात.”

वर्ग हसून लोळायचा बाकी राहिला. मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलंही, “कुठं रे?”

सर हसले नाहीत असं नाही. त्यांनी डस्टर तोंडापुढे धरलं होतं, त्यामुळे मिशीवर खडूची पूड आली. हसू ओसरल्यावर त्यांनी मला बसू दिलं नाही. विचारलं, “तुझे वडील रात्री नऊ वाजता दुकानाचं काय करतात?”

“वाढवतात, सर.”

“म्हणजे मोठं करतात?”

“नाही सर. बंद करतात.”

“मग वाढवतात का म्हणालास?”

याला उत्तर नव्हतं. आमच्या घरात ‘दुकान बंद केलं’ असं कोणी म्हणायचंच नाही. वडील गल्ला मोजायचे, तराजूची पारडी पालथी घालायचे, आकडे घातलेल्या लाकडी फळ्या एकापाठोपाठ खोबणीत सरकवायचे आणि शेवटच्या फळीला हात लावून नमस्कार करून म्हणायचे, “चला, दुकान वाढवलं.” आईची बांगडी फुटायची नाही, वाढायची. देवापुढचा नारळही वाढवायचा. बंद, फुटणं, विझणं हे शब्द तोंडातून जाऊ नयेत म्हणून उलटा शब्द वापरायची ही आपली रीत, पण ती रीत आहे हे त्या दिवसापर्यंत माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

सर वर्गाकडे वळून म्हणाले, “आता समजा, एखादा साहेब डिक्शनरी घेऊन आपल्या पेठेत राहायला आला. त्यानं काय समजायचं? हा दुकानदार रोज रात्री नऊला दुकान मोठं करतो, आणि सकाळी बघावं तर ते आपलं तेवढंच!”

वर्ग पुन्हा हसला, या वेळी साहेबाला. माझं नाव मात्र त्यानं पुसलं गेलं नाही.

त्याच दिवशी सरांनी मला वहीचं शेवटचं पान रनसाठी राखून ठेवायला सांगितलं. नियम दोनच. शब्द जिथे भेटेल तिथलं पुरं वाक्य उतरवायचं, नुसता अर्थ लिहायचा नाही. आणि त्याच्यासमोर, तीच गोष्ट आपली आई कशी बोलेल ते लिहायचं. डिक्शनरी काय म्हणते ते नको. महिनाभरात पान भरलं, मग मी मधली पानं घेतली. घड्याळ, गिरणी, शाळा, एसटी, खटला, नाटक, संसार, सगळीकडे इंग्रजीत रन आणि समोरच्या रकान्यात चालणं. घड्याळ चालतं, खटला चालतो, नाटक चाललं, घर चालवायचं. घराण्यातला मधुमेहसुद्धा त्यांच्यात धावतो, आपल्यात चालत आलेला असतो. मी मोठा शोध लावल्यासारखा सरांकडे गेलो, “सर, इंग्रजांचं जे जे धावतं ते आपलं चालतं!”

“सगळंच?” एवढंच म्हणून ते चहाला गेले.

सगळं नव्हतंच. नळ वाहतो, ताप चढतो, धुण्यात कापडाचा रंग जातो, डब्यातली साखर संपते. या प्रत्येक ठिकाणी साहेबाचं रनवर भागतं, आपल्याला नवं क्रियापद शोधावं लागतं. उलट आपलं चालणं जिथे जातं तिथे रनला पाऊल टाकता येत नाही. ‘चालेल’ म्हणजे हरकत नाही. ‘चालता हो’ म्हणजे नीघ इथून. गाण्याला चाल असते, बुद्धिबळातही असते, आणि ‘माणूस चालू आहे’ हे वाक्य मी सरांना दाखवलं तेव्हा त्यांनी उदाहरण कोणाचं घेतलंय ते विचारलं नाही, हे बरं झालं.

क्रिकेटची एक गंमत अशी की तिथे रनचा अर्थ आपण जसाच्या तसा उचलला. रनची धाव झाली आणि रनआऊटचा धावचीत. पण चौकार मारल्यावर कोणी धावत नाही, तरी फलकावर धावा चारच चढतात.

सगळ्यात आवडती नोंद निवडणुकीची. अमेरिकेतला उमेदवार निवडणुकीसाठी रन करतो, ब्रिटनमधला स्टँड. आपण ब्रिटिशांचं ऐकून असेल किंवा आपसूक, उभे राहतो. मात्र त्यापुढचा ‘पडला’ हा शब्द ऐकला की माणूस खरंच उभा होता याची खात्री पटते.

ती वही मी शाळा सुटल्यावरही चालू ठेवली. रेल्वेची गाडी स्टेशनाबाहेर जागची हलत नसते आणि भोंग्यातून मराठीत सांगतात की ती उशिराने धावत आहे. हे मराठी मला कधीच पचलं नाही. आईनं ‘गाडीला उशीर आहे’ म्हटलं असतं. जानेवारी २०२१ मध्ये कोरोनाच्या लसीकरणाची देशभर ‘ड्राय रन’ झाली, तेव्हा मराठीत तिला रंगीत तालीम म्हटलेलं वाचलं. त्यांची कोरडी, आपली रंगीत. हे भाषांतर करणाऱ्याला सरांनी दहापैकी नऊ दिले असते.

आपण उगाच एका शब्दामागे लागलोय असं मला बरीच वर्षं वाटायचं. मग ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाबद्दल वाचलं. त्याचा पहिला भाग १८८४ मध्ये निघाला आणि काम पुरं झालं १९२८ मध्ये. संपादक जेम्स मरे १९१५ सालीच गेले, त्यांना ते पुरं झालेलं पाहता आलं नाही. १९८९ च्या आवृत्तीत सर्वांत लांबलचक नोंद सेट या शब्दाची होती, ४३० अर्थांची, सुमारे ६०,००० शब्दांत. पुढे नव्यानं तपासणी सुरू झाली आणि २०११ मध्ये बातमी आली की रननं सेटला मागे टाकलंय. नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ! कोशकार पीटर गिलिव्हर त्या एका शब्दापायी नऊ महिने बसून होते. माझ्या वहीत जेमतेम ७० वाक्यं होती, पण त्या दिवशी मी गिलिव्हरसाहेबांना मनातल्या मनात सहकारी मानून टाकलं.

मध्यंतरी मी बँकेत लागलो होतो. (लागणे हे वेगळंच प्रकरण आहे. नोकरी लागते, भूक लागते, लग्न लागतं, एसटी फलाटाला लागते आणि आत बसल्यावर आपल्यालाही लागते. त्याला दुसरी वही लागेल.) एका वर्षी जवळच्या एका पतसंस्थेनं पैसे देणं थांबवलं आणि आमचीही बँक बुडणार अशी आवई उठली. बाजारचा दिवस. शटर वर जायच्या आत रांग पार रस्त्यापर्यंत गेलेली. मॅनेजरनी जास्तीची रोकड मागवून नोटांच्या थप्प्या काचेमागे लोकांना दिसतील अशा रचून ठेवल्या. मी कॅशला होतो.

अकराच्या सुमारास खिडकीसमोर सर आले. निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली, काखेत छत्री, पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत. माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, “काय रे दुकानपळव्या, ह्याला काय म्हणतात?”

“रन, सर. रन ऑन द बँक.”

त्यांनी मागे वळून रांगेकडे पाहिलं. “पळत तर कोणीच नाही. आणि आपण काय म्हणतो?”

मी झुंबड म्हणून पाहिलं, धाव घेणं म्हणून पाहिलं. एकही बसेना. “रकाना रिकामा आहे, सर.”

“बघ, सुचलं तर सांग,” म्हणाले आणि स्लिप पुढे सरकवली. खात्यात कमीत कमी ठेवावी लागते तेवढी रक्कम सोडून बाकी सगळी.

“सर, बँकेला काही होत नाही हो.”

“होणार नाहीच,” ते म्हणाले, “पण मोज तू.”

मी नोटा मोजून दिल्या. सरांनी बोट स्पंजाला लावलं, आणि मागच्या माणसाची चुळबुळ चालू असताना, एकेक करून त्या पुन्हा मोजल्या.